आजीच्या हाताचं मीठ

आजाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आम्ही भावंडं पडवीत बसलो की त्याचे किस्से निघतातच. एकानं एक सांगितला की दुसरा म्हणतो, "हे काहीच नाही, माझा ऐक." मी कचेरीत कारकून, हाताला लिहायची सवय. म्हटलं, उतरून ठेवू या. तसे हे सगळे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. बायकोला एक गोष्ट कळू नये म्हणून माणूस किती धडपडू शकतो, त्याचे!

ती गोष्ट आधी सांगतो. आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठी, घरचं काम मिठागराचं. आजीच्या हाताला अशी चव, की गावात कुणाचंही लग्न असो, हंड्यात मीठ टाकायला तिलाच बोलावणं यायचं. मग तापाची साथ आली. त्यात तिचा धाकटा मुलगा गेला. ती वाचली, पण तोंडाची चव कायमची गेली. आता मी रांधू कशी, म्हणून चुलीपुढे रडत बसली. आजा म्हणाला, "चव तोंडाची गेली, हाताची नाय."

तिनं डोळे पुसले आणि चूल पेटवली.

हाताचीही गेली होती! त्या दिवशीची आमटी तोंडात धरवत नव्हती इतकी खारट. आजानं ती मुकाट्यानं संपवली. माझे वडील तेव्हा तरुण, ते काही बोलणार इतक्यात आजानं त्यांच्याकडे असं पाहिलं की शब्द घासाबरोबर पोटात गेला. नंतर मिठागराच्या बांधावर नेऊन त्यानं वडिलांना आणि काकांना बजावलं, "पोर गेला. आता चूल पन गेली, त ती उठायची नाय."

*

तेव्हापासून आमच्या घरी जेवण म्हणजे परीक्षा. एक दिवस सगळं अळणी, दुसऱ्या दिवशी घशाखाली उतरू नये असं. झाकण निघेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला.

माझी आई नवी सून म्हणून आली. हुशार बाई. आजी विहिरीवर गेलेली पाहून तिनं कालवण चाखलं. अळणी! तिनं गुपचूप मीठ घातलं. मग काका आले, त्यांना वाटलं आज अळणीचीच पाळी, त्यांनी न चाखताच घातलं. मग मागच्या दारानं आजा आला.

जेवताना प्रत्येकाला वाटत होतं की ही आपलीच करणी. कुणी कुणाकडे बघेना. आजी मात्र खूश, कारण त्या दिवशी कुणीच बोलत नव्हतं, सगळे मन लावून जेवत होते. दुसऱ्या दिवशी आजानं नियम केला. ज्यानं मीठ घातलं, त्यानं झाकण उलटं ठेवायचं.

*

मी पाच वर्षांचा असताना पानावर बसून म्हणालो, "आजी, खारट."

आजी ऐकायच्या आत आजानं मला उचललं आणि थेट बांधावर नेलं. मला वाटलं, आता खाडीत टाकतो. त्यानं मला खाली ठेवलं, माझ्यापुढे उकिडवा बसला आणि हात जोडले. एवढा दांडगा माणूस माझ्यापुढे हात जोडून बसलेला पाहून मला रडू फुटलं. त्यानंतर मी त्या घरात खारट हा शब्द उच्चारला नाही.

*

आत्याला बघायला ठाकुर्लीची माणसं आगगाडीनं ठाण्याला उतरली. जेवायला थांबणार होती. आजा त्यांना आणायला गेलेला आणि आजी त्या दिवशी चुलीपासून हलेना, त्यामुळे मीठ बघायला कुणाला सवडच मिळेना. काय करावं? घरी येताना वाटेत आजानं मुलाच्या बापाला सांगून टाकलं, की आम्ही मिठागरवाले पहिल्या भेटीला पाहुण्याला मीठ खिलवत नाही. मीठ खाल्लं की माणूस बांधला जातो, ते सोयरीक जुळल्यावर.

सगळी भिस्त आजी मीठ विसरण्यावर! पानं वाढली. पाहुण्यांनी पहिला घास घेतला. आजा घामानं डबडबला होता.

"बाई, तुमची रीत आवडली," पाहुणे म्हणाले. आजी लाजली. लग्न जमलं. आम्ही परतभेटीला त्यांच्याकडे गेलो तर त्यांनीही मान राखून सगळं अळणीच वाढलं. आत्याच्या सासरी अजून ही रीत पाळतात.

*

एकदा मिठावरचा दरोगा झडतीला आला. सरकारी पट्टी भरल्याशिवाय मिठागरातलं मीठ घरी आणलं तर तो गुन्हा. आमच्या घरी तर जागोजागी मीठ! आईचं शिंकाळ्यात, काकांचं आढ्याच्या बांबूत, आजाचं कोनाड्यामागे. सरकारपासून लपवलेलं नव्हतं, आजीपासून लपवलेलं होतं. पण हे तिच्यासमोर सांगणार कसं? ती दारातच उभी होती.

दरोग्यानं विचारलं, ही पुडकी कुणाची?

"माजी," आजा म्हणाला. "चोरला मी."

त्याला नाक्यावर नेलं. तिथं त्यानं खरं काय ते सांगितलं. दरोगा हसला, पण माणूस जिज्ञासू असावा. आजाला घेऊन परत आला आणि आजीला म्हणाला, बाई, भूक लागली आहे. आजीनं भाकरी आणि आमटी वाढली. दोन घास खाऊन तो बराच वेळ पाण्याचा तांब्या धरून बसला. मग पान पुसून खाल्लं, आजाला सोडलं आणि निघून गेला.

आजी मात्र महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. चोराची बायको म्हणून तिला बाहेर तोंड दाखवायची लाज वाटत होती. आजानं तेही सोसलं. मला आजही तो महिना आठवला की गलबलून येतं.

*

शेवटच्या आजारात आजाला ताप चढला आणि तो बरळू लागला. बांधाचं, उधाणाचं, गेलेल्या पोराचं. मनातलं सगळं बाहेर पडत होतं, त्यात मिठाचंही निघेल अशी आम्हाला धास्ती. आई काही ना काही निमित्त काढून आजीला त्याच्यापासून दूर ठेवत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजी कुणाचं ऐकेना. पेज घेऊन आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी ओठांना लावली.

आजानं घोट घेतला. "मीठ नाय गो यान," तो म्हणाला.

दारात आम्ही सगळे थिजलो. आईनं तोंडाला पदर लावला.

आजी हलली नाही. तिनं वाटीत पाहिलं आणि विचारलं, "कवरा टाकू?"

त्यानं चिमूट जुळवून दाखवली. आईनं मीठ आणून दिलं. आजीनं तेवढंच टाकलं, ढवळलं, पाजलं.

"आता?"

"आता बरा."

वाटी संपत आली तेव्हा ती म्हणाली, "आन इतक्या वर्सांचा?"

आजानं डोळे उघडले. ताप उतरला होता की वाढला होता, देव जाणे.

"तो सगला बरा व्हता."