फरशीवरचं सारवण

भागरथाबाई सारवायला बसली की समोर कोण उभं आहे ते बघत नसे. पाटील आले तरी नाही, पोस्टमन आला तरी नाही. "थांबा, हात ओला हाये," एवढंच म्हणे. वैनगंगेकाठच्या आमच्या गावातली कुडाची शाळा दर शनिवारी दुपारी तीच सारवायची. शेणाचे अर्धगोल एकामागून एक ओढत ती मागे सरकत जाई. दाराशी आल्यावर वळून बघे, आणि एखादी ओळ वाकडी दिसली तर कुरकुरत पुन्हा आत शिरे.

त्या अर्धगोलांची कदर गावात एकालाच होती, माझी धाकटी बहीण कुसुम हिला. सात वर्षांची कुसुम तिसऱ्या खांबाशी बसून ते बोटाने मोजायची. बोलणं फार थोडं आणि नजर कधी कुणाच्या नजरेला मिळायची नाही. रोजचं ताट बदललं तर जेवायची नाही. रोजची वाट बदलली तर तिथेच बसून किंचाळायची. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या त्या काळात अशा स्वभावाला आमच्याकडे काही नाव नव्हतं. लोक सरळ 'येडी' म्हणत. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, आणि खरं सांगते, मला तिची लाज वाटायची.

मग पक्की शाळा बांधून झाली. वर कौलं, खाली गुळगुळीत फरशी. वर्ग लगेच भरू लागले. उद्घाटन तेवढं शिक्षणखात्याच्या साहेबांच्या सवडीने व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी कुसुमने दारातून फरशी बघितली आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली. चार दिवस हेच चाललं. शुक्रवारी हेडमास्तरांनी बाबांना बोलावून घेतलं. "सोमवारी साहेब येऊन राह्यले. पोरीले घरीच ठेवा. मी तिचं नाव कमी करतो."

बाबा मान डोलावून दाराकडे वळले. त्यांचं ते मान डोलावणं मला अजून खुपतं.

तिथेच शाळेचा माठ भरणारी भागरथाबाई मात्र मध्ये पडली. "नाव काऊन कमी करता, गुरुजी?"

"नव्या जागेत बसतच नाई ते."

"रोप उपटून दुसऱ्या शेतात रोवलं का धान आठ दिवस पिवळं पडते. तुम्ही काय उपटून फेकता त्याले?"

शनिवारी शाळा सुटल्यावर तिने शेणाची बादली माझ्या हातात दिली. जुन्या शाळेतल्या तिसऱ्या खांबाखालची माती उकरून तिने शेणात कालवली आणि नव्या शाळेच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात फतकल मारली.

"बाई, फरशी कोनी सारवते का?" मी विचारलं.

"मी सारवतो."

कुसुम दाराबाहेरून एकटक बघत होती. डोकं आपटत नव्हती.

सोमवारी तो कोपरा बघून हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. "खरवड हे सारं! साहेब काय म्हणतीन?"

"फरशी साहेबाची असन, पोरगी आमची हाये. तिले उठवा अन् मंग खरवडा." भागरथाबाईने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कुसुम कधी आत आली ते कुणाला कळलंच नव्हतं. सारवणावर मांडी घालून ती अर्धगोल मोजत होती.

तिला उठवायची छाती कुणाचीच झाली नाही. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, "हे साफ करून घ्या," म्हणाले आणि चहाला गेले.

"करतो ना," भागरथाबाई म्हणाली, आणि तिने ते दिवाळीपर्यंत लांबवलं. दर शनिवारी सारवण वीतभर कमी. हेडमास्तरांनी तिचं काम काढून घेतलं, तरी ती यायची थांबली नाही. "काम गेलं तं गेलं. हात तं माह्यापाशीच हाये." शेवटी पाटीएवढा तुकडा राहिला, मग तळहाताएवढा. दिवाळीच्या सुट्टीनंतर काहीच नव्हतं. कुसुम उघड्या फरशीवर बसली, बोटाने एक अर्धगोल काढला आणि पाटी मांडीवर घेतली. चौथीपर्यंत ती त्याच कोपऱ्यात शिकली.

पुढे बऱ्याच वर्षांनी भागरथाबाई गेली. गर्दीच्या घरात कुसुम कधी पाऊल टाकत नसे, त्या दिवशी माझ्याआधी पोचली. पुरुष मसणात गेले. जिथे देह ठेवला होता ती जागा सारवायला भागरथाबाईची सून बादली घेऊन आली. कुसुमने तिच्या हातातून बादली घेतली आणि खाली बसली. अर्धगोल एकामागून एक उमटू लागले, हुबेहूब भागरथाबाईचे. बायका कुजबुजल्या. घरच्या सुनेचं काम परक्या बाईने करावं, हे कुणाला पटेना.

"उठा ताई, मी करतो," सून म्हणाली.

कुसुमने मान वर केली नाही.

"थांबा, हात ओला हाये."