याडीचा घागरा

पहाटे आगगाडी वाशीमला थांबली तेव्हा गाव धुक्यात अर्धं विरघळलं होतं. स्टेशनाबाहेर टांग्याचा घोडा दिसण्याआधी त्याचा श्वास दिसला. दरवेळी मी वऱ्हाडात ओव्या गोळा करायला येत असे. या वेळी एक ओवी परत करायला आलो होतो.

रिठदला कमलाबाईचं घर शोधावं लागलं नाही. तिचे वडील बौद्ध, आई बंजारा. पूर्वी एकदा जात्यावर बसून तिनं मला ऐकवलं होतं:

पहिली माझी ओवी, निळ्या निशाणाले गं
दुसरी माझी ओवी, याडीच्या घागऱ्याले

याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. पण मला पुस्तकात ‘बौद्ध स्त्रीची ओवी’ हवी होती, आणि हा घागरा त्यात बसेना. मी ‘आईच्या लुगड्याले’ असं केलं. छापलं. मग रेडिओवरही तसंच म्हटलं, कमलाबाईचं नाव घेऊन.

तिनं मला भाकर आणि सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी वाढली. मी दोन घास खाल्ल्यावर ती म्हणाली,

“बाबा गेले तशी याडी मामाच्या तांड्यात (बंजारा वस्तीत) राह्यते. दर संक्रांतीले याची. तुमचा रेडिओ वाजला, तवापासून आली नाही. म्हनते, पोरीले माह्या घागऱ्याची लाज वाटली.”

“तू सांगितलं नाहीस?”

“सांगतलं ना. म्हनते, शिकलेला मानूस कायले खोटं बोलंन? आता तुमीच जा.”

तांडा मेडशीच्या पुढे. एसटीत ऊन इतकं मऊ होतं की डोळा लागला आणि मी उतरायचं ठिकाण मागे टाकलं. कंडक्टर म्हणाला, “बाबाजी, सपनात तिकीट काहाडलं का?” मला माळावर उतरवून गाडी गेली. दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती. वाट इतकी निःशब्द, की आपण चालतो आहोत की कुणी आपल्याला आठवतं आहे, तेच कळेना. मनात फक्त एक भीती जागी होती: म्हातारीनं ऐकलंच नाही तर?

तांड्यात कमलाबाईची याडी, सोनीबाई, अंगणात तूर पाखडत होती. शेजारी आणखी दोघीतिघी. मी नाव सांगताच सूप थांबलं.

“रेडिओवाला तूच का?”

“हो.”

“मंग मले लुगडं कायले नेसवलं रे? माह्या नवऱ्यानं कदी नेसवलं नाही!”

बाया खो-खो हसल्या. मी म्हणालो, “ते मी नेसवलं. कमलानं घागराच म्हटलं होतं.”

“कसं म्हनलं होतं? म्हनून दाखव.”

मी गायलो. आवाज चिरकला.

“बगळा वरडून राह्यला,” ती म्हणाली. “आनखी म्हन.”

पुन्हा म्हटलं. आणखी एकदा. आता कुणी हसत नव्हतं. सोनीबाई सुपातल्या दाण्यांवरून बोटं फिरवत राहिली.

“पहिली बापाच्या निशाणाले, मले दुसरी,” ती अखेर म्हणाली. “बापाचीच पोर हाय ते.” मग झोपडीत गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली. “चाल. गाडी चुकंन.”

वाशीमच्या स्टँडवर रिठदवरून जाणारी रिसोडची गाडी लागली होती. मी म्हणालो, “पुढच्या आवृत्तीत जसं आहे तसं छापीन. मीही येऊ का रिठदला? तुम्ही दोघी जात्यावर बसाल तेव्हा—”

“तू कायले? तुहं काम झालं. आता आमी मायलेकी भांडू.”

ती गर्दीत शिरली, घागरा आवरत पायरी चढली. गाडी धुरळ्यात गेली.

परतीच्या गाडीत रात्रभर खिडकीशी बसून होतो. त्या दोघी भांडल्या की गायल्या, पहिली ओवी कुणाच्या वाट्याला आली, मला ठाऊक नाही. आयुष्यभर मी बायांच्या उंबऱ्यात बसून त्यांचे शब्द टिपून आणले. त्या घरातलं त्या दिवसाचं गाणं मात्र त्यांच्याकडेच राहिलं, आणि ते तिथं पूर्ण आहे.