दोन बोटांची फट

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडला हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वडील एवढंच म्हणाले, "नाना गेले. निघ तू." आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर करवंटीत आज पाणी कुणी घातलं असेल का... हे लिहिताना संकोच वाटतो. पण तसंच झालं.

नाना माझे मोठे चुलते. आमच्या गावात, कड्याला, रस्त्याच्या कडेला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून, अंगण एकच, आणि अंगणात एक लिंब. त्या लिंबाला नानांनी पाखरांसाठी एक पिंजरा तारेनं टांगलेला होता. पिंजरा म्हटलं की कोंडणं आठवतं, पण याला दार नव्हतंच. मध्ये ताटली, तिच्यात ज्वारी-बाजरी, आणि भोवती जुन्या सायकलींच्या स्पोकचे गज. दोन गजांमधलं अंतर नाना स्वतःची दोन बोटं घालून ठरवायचे. तेवढ्यातून चिमणी सहज आत जायची. कावळ्याचं अंग जायचं नाही आणि चोच ताटलीपर्यंत पोचायची नाही.

हे सगळं एका दिवसात झालं नव्हतं. आधी नुसती ताटली होती, तर खारी अर्धं धान्य न्यायच्या. मग नानांनी तेलाचा डबा कापून वरच्या तारेत पत्र्याची टोपी बसवली. खार तिच्यावरून घसरली की दुकानाला उशीर झाला तरी ते हसत उभे राहायचे. पावसाळ्यात दाणे भिजून आंबले, तेव्हा ताटलीला भोकं पाडली आणि पावसाच्या दिवसांत सकाळी एकच मूठ घालायची असं ठरलं. मुंग्यांचा उपाय मात्र मी केला होता. आठवीत होते. दुकानातलं ग्रीस आणून सगळ्या तारेला फासलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. नानांनी चिंधीनं ती तार पुसायला घेतली. पुसून झाल्यावर म्हणाले, "पाखराच्या पंखाला हे लागलं तर ते उडंल कसं, माय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी एका करवंटीला भोक पाडून ती तारेत ओवली, भोक पंक्चरच्या सोल्यूशननं बुजवलं आणि तिच्यात पाणी भरलं. मुंग्या पाण्यापर्यंत यायच्या आणि मागं फिरायच्या. ते पाणी भरायचं काम माझं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मी बीडला गेले आणि ते कामही पुन्हा नानांकडे गेलं.

कावळ्यांशी त्यांचं वैर होतं. एकदा त्यांच्यादेखत कावळ्यानं चिमणीचं पिल्लू उचललं होतं, तेव्हापासून. कावळा फांदीवर दिसला की दोन टाळ्या आणि एक लांब "हाऽऽ". मोठी माय, म्हणजे नानांची बायको, चुलीपुढून म्हणायची, "लई हुसकू नका. दहाव्याला शिवायचा न्हाई तुमाला." नाना म्हणायचे, "मग काय आत्तापसून मस्का लावत बसू व्हय त्याला?"

दहाव्याला खरंच कावळा शिवला नाही. नदीकाठच्या बाभळीवर चार-पाच बसले होते, पण खाली एकही उतरेना. ऊन चढलं. वडील हात जोडून म्हणाले, वहिनीला अंतर देणार नाही. दुकानातला जोडीदार म्हणाला, दुकान बंद पडू देणार नाही. कावळे हलले नाहीत. नानांचा जीव कशात असेल ते मला माहीत होतं. पाखरांचं मी बघीन, एवढंच म्हणायचं होतं. पण दोन दिवसांनी मी हॉस्टेलला परत जाणार होते. जे पाळता येणार नाही ते नानांपुढे कसं बोलायचं... शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. परतताना वडिलांची मान खाली होती, आणि मला वाटत होतं, माझ्या गप्प राहण्यानं नाना अडकले.

अंगणात आलो आणि सगळेच थबकले. दहाव्याच्या मांडवासाठी पिंजरा हलवताना त्याचा एक स्पोक वाकला होता. त्या फटीतून मान आत घालून एक कावळा सावकाश दाणे खात होता. लिंबाची सावली त्याच्या पाठीवर हलत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "आला..." वडिलांनी हात जोडले. मी मोठ्या मायकडे बघितलं. ती उंबऱ्यात बसली होती. तिनं त्याला बराच वेळ खाऊ दिलं. मग दोन टाळ्या वाजवल्या आणि बारीक आवाजात म्हणाली, "हाऽऽ."

कावळा उडाला. वडील काही बोलणार, तोवर तीच म्हणाली, "त्ये असते तर हेच केलं असतं. चिमण्या कवाच्या उपाशी हायत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तेवढी वाकलेली तार नीट कर. रोजचं दाणापाणी मी बघते."

मी पक्कड आणली. माझी दोन बोटं घालून तेवढ्या अंतरावर स्पोक आणला. मोठी माय जवळ येऊन बघत राहिली. म्हणाली, "चिमणी घुसायची न्हाई. त्यांची बोटं जाड होती." मी शेजारच्या, नानांनी बसवलेल्या फटीत बोटं घालून बघितली. मग तेवढंच अंतर ठेवून माझा स्पोक पुन्हा वाकवला.

आता घरी गेले की आधी करवंटी भरते, आणि मग उगीच त्या जुन्या फटींतून दोन बोटं फिरवते. प्रत्येक ठिकाणी बोटांशेजारी थोडी जागा उरते...