हिरव्या पानांचा नाताळ

वसईजवळच्या निर्मळमध्ये माझ्या सासरच्या घराला सगळे ‘लाल ओट्याचं घर’ म्हणायचे. ओटा काही लाल नव्हता. साधा कोब्याचा होता, कडेला फुटलेला. पण त्याच्या दोन्ही बाजूंना, पायऱ्यांपासून विहिरीच्या वाटेपर्यंत, पॉइन्सेटियाची झाडं होती, पुरुषभर उंच वाढलेली. डिसेंबर लागला की त्यांच्या शेंड्यांची पानं अशी लाल व्हायची की रस्त्यानं सायकलवरून जाणारा माणूस पाय टेकून बघत राहायचा. पॉइन्सेटिया हा शब्द घरात कुणी वापरत नसे, ‘नाताळची झाडं’ म्हणायचे. हे सगळं लग्नाआधीच मी नवऱ्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ती झाडं न बघताच पाठ झाली होती. माझ्या पहिल्या नाताळात मात्र ती हिरवीच राहिली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वाईची, नवरा वसईचा ख्रिस्ती. मुंबईत एकाच ऑफिसात नोकरीला होतो आणि तिथेच आमचं जमलं. आई मी शाळेत असतानाच गेली होती. बाबांनी एकट्यानं मला वाढवलं. लग्नाचं सांगितलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, “तू जा. मला बोलावू नकोस.” मे महिन्यात लग्न झालं आणि ते खरोखरच आले नाहीत.

तरी मला एक आशा होती. दिवाळसण. लग्नानंतरची पहिली दिवाळी मुलीनं आणि जावयानं मुलीच्या माहेरी करायची, हे आमच्याकडे कुणी मोडत नाही. आमच्या आळीतले भले भले रुसलेले बापसुद्धा शेवटी दिवाळसणाला पाघळलेले मी बघितले होते. बाबांचं बोलावणं आलं की सगळं मिटलं, एवढं सोपं गणित मी मनाशी मांडलं होतं. गणपती झाले, नवरात्र बसलं, उठलं. हॉलमधल्या फोनवर सासूबाईंनी क्रोशाचा रुमाल टाकलेला असायचा. घंटा वाजली की सगळ्यांच्या आधी मी तो रुमाल उडवायची. फोन नेहमी दुसऱ्याच कुणाचा असायचा.

त्या वर्षी दसरा लवकर आला. दसराही कोरडा गेला तेव्हा माझं डोकं फिरलं. नका बोलावू, मी इथे दिवाळी करते! आमच्याकडे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आकाशकंदील टांगायचा आणि त्रिपुरी पौर्णिमेनंतर उतरवायचा अशी बाबांची पद्धत. मी वाडीतल्या बांबूच्या काड्या तासल्या, पतंगाचा कागद आणला, खळ शिजवली आणि कंदील केला. बाबांनी शिकवलेलाच, सहा कोनांचा, खाली झिरमिळ्या. ओट्यावर दिव्याचा होल्डर होता, पण त्यात कधी बल्ब नसायचा. मला वाटायचं, सासूबाईंची काटकसर. होल्डरला वायर जोडून मी कंदील ओट्याच्या कडेला, अगदी झाडांच्या डोक्यावर आणून टांगला आणि बटण दाबलं.

सासूबाई बाहेर आल्या. त्या कमी बोलायच्या आणि बोलल्या तर हुकूमच सोडायच्या. जेव, झोप, डोकं पूस. प्रेम त्याच हुकमात असायचं, ते कळायला मला वर्ष लागलं. घरात त्यांची स्वतःची बोली चालायची. माझ्याशी मात्र त्या शाळेतल्या बाईंसारखं नीट मराठी बोलायच्या. त्यांनी कंदिलाकडे बघितलं, खाली झाडांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“किती दिवस ठेवणार?”

“त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत.” माझा आवाज चढलेलाच होता. नाही म्हणाल्या असत्या तर मी तिथेच उभी राहून वाद घातला असता.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

नवरा कामावरून आला तो ओट्याखालीच थबकला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून सासूबाईंनी त्याला हाक मारली. तो जेवायला बसला तेव्हा त्याला म्हटलं, “आवडला नाही का कंदील?” तो म्हणाला, “छान आहे गं,” आणि ताटात बघून जेवत राहिला. झोपायच्या आधी मी बटण बंद करायला उठले, तर सासूबाई म्हणाल्या, “तुमच्याकडे रात्रभर असतो ना? मग असू दे.” तेव्हापासून तो रोज दिवेलागणीला लागायचा आणि उजाडल्यावर विझायचा. दिवाळीत त्यांनी मला चकल्यांना सोऱ्या दिला, पणत्यांना तेल दिलं, वाडीतल्या झेंडूचं तोरण करू दिलं. एवढं सगळं होऊनही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. फोन आला नव्हता.

डिसेंबर लागला. आळीतल्या घरांवर चांदण्या लागल्या. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेंढा आला, पोरांनी डबक्यातून शेवाळ काढून आणलं. आमची झाडं मात्र ढिम्म. हिरवीगार, टवटवीत, अंगात काही दुखणं नाही आणि लाल व्हायचं नाव नाही. सासूबाईंचा शिरस्ता असा की चोवीस तारखेला सकाळी फांद्या कापायच्या. त्या आधी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायच्या, मग आळीत प्रत्येक घरी, आणि मग आमच्या घरातल्या गोठ्याभोवती आणि पायऱ्यांवर. त्यामुळे झाडांवर अख्ख्या आळीचा डोळा. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून विचारायचा, यंदा काय झालं? सासूबाई म्हणायच्या, “उशीर आहे,” आणि विषय बदलायच्या. नवऱ्याची आत्या शेजारच्याच घरात राहायची. तिनं एकदा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं की नवी सून आली आणि झाडं रुसली. पायगुण बिणगुण मी मानत नाही. पण त्या दिवसापासून रोज सकाळी दात घासत घासत मी झाडांना फेरी घालायला लागले, कुठे एखादं पान तांबूस दिसतंय का बघायला.

आणि नेमका तेव्हा फोन आला. बाबांचा. मी “हॅलो” म्हटल्यावर त्यांनी थेट विचारलं.

“नाताळला सुट्टी असेल ना तुला? येऊन बघून जातो.”

बघून जातो, म्हणजे मी सुखात आहे का ते बघून. मला एवढा आनंद झाला की तोंडाला लगाम राहिला नाही. “याच बाबा! नाताळात आमचं घर कसं लाल होतं ते बघा, लांबून लांबून लोक येतात बघायला!” असं काहीबाही बोलून बसले. फोन ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. हिरवं रान.

बाबांना लाल पानांचं काय कौतुक असणार होतं, हे आता कळतं. तेव्हा मात्र मला धसका बसला होता. ते येणार, ओट्यावर बसणार आणि कुणीतरी त्यांच्यासमोर म्हणणार, तुमची मुलगी आली आणि या घराचा रंग गेला. एवढ्यावरच ते उठून निघून जातील आणि पुन्हा यायचे नाहीत. मी नवऱ्याला म्हटलं, नर्सरीतून लाल झालेल्या कुंड्या आणू या. सासूबाईंनी ऐकलं. “माझ्या गोठ्याला विकतची झाडं नकोत,” एवढंच बोलल्या.

चोवीस तारखेला सकाळी त्यांनी शिरस्त्याप्रमाणे कोयता घेतला आणि हिरव्याच फांद्या कापल्या. चार-दोन शेंड्यांना जेमतेम तांबूस झाक आली होती, त्या वेगळ्या काढून देवळात पाठवल्या. दुपारपर्यंत स्वयंपाकघरात फांद्यांचा ढीग पडला होता. कापल्या जागेतून पांढरा चीक गळतो आणि तो गळत राहिला की फांदी तासाभरात मान टाकते. म्हणून प्रत्येक देठाचं टोक मेणबत्तीवर धरून भाजायचं, चीक चरचरून थांबला की गार पाण्यात बुडवायचं. ते काम माझ्याकडे होतं. आत्या आणि सासूबाई करंज्या भरत होत्या.

बाबा दुपारी आले. वाईहून पहाटे निघून, गाड्या बदलत बदलत. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना बघत होते आणि ते बारीक झाले होते. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. सासूबाईंना लांबूनच नमस्कार केला, “बरं आहे ना बाई?” म्हणाले. नवऱ्यानं ओट्यावर खुर्ची दिली, चहा दिला, समोर बसून हवापाण्याच्या गप्पा काढल्या आणि मग गोठ्याच्या दिव्यांची माळ लावायला गेला. बाबा एकटेच ओट्यावर बसले, हिरव्या झाडांकडे बघत. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मला त्यांची पाठ दिसत होती.

आणि आत्यानं तोंड उघडलं. ती बोलीत बोलत होती, पण तोवर मला सगळं समजायला लागलं होतं. सासूबाईंना म्हणाली, रस्त्यावर ग्रामपंचायतीनं ट्यूब लावली तेव्हा फाटकाकडचं झाड हिरवं राहिलं, म्हणून तू शिडीवर चढून ट्यूबच्या अर्ध्या बाजूला गोणपाट बांधलंस. ओट्यावर बल्ब म्हणून लावत नाहीस, ऑक्टोबर लागला की पोरांना साधी बॅटरी लावू देत नाहीस. रात्रीचा पुरता अंधार मिळाल्याशिवाय ही झाडं लाल होत नाहीत, हे तूच आम्हाला शिकवलंस. आणि यंदा सुनेनं महिनाभर रात्ररात्र कंदील पाजळला तर गप्प बसलीस?

माझ्या हातातला देठ मेणबत्तीवर तसाच राहिला, टोक जळून काळं झालं. होल्डरात बल्ब का नसायचा ते मला त्या क्षणी कळलं. नवऱ्यानं तोंड उघडून का मिटलं तेही कळलं. मला वाटलं, बाबांना ही बोली कळली नसेल. एवढा एकच आधार होता.

सासूबाईंनी करंजीची कड मुडपली आणि ती ताटात ठेवली. मग त्यांनी उत्तर दिलं ते बोलीत नाही. नीट मराठीत आणि ओट्यापर्यंत जाईल अशा आवाजात.

“झाडं काय, दर वर्षी लाल होतात. पोरीची पहिली दिवाळी एकदाच येते. तिला माहेरचं बोलावणं आलं नव्हतं. फोन वाजला की धावायची आणि तोंड पाडून परत यायची. त्यात तिनं तेवढा एक दिवा लावला. तोही मी विझव म्हणू?”

आत्यानं पुढची करंजी भरायला घेतली. मी दाराकडे बघितलंच नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, बाबा पिशवी उचलून निघाले. सासूबाईंचा मला त्या क्षणी रागच आला, एवढं स्पष्ट बोलायची काय गरज होती!

बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. चप्पल बाहेर काढली. माझ्याशेजारी पाटावर बसले, ढिगातली एक फांदी घेतली आणि सासूबाईंना विचारलं, “हे किती भाजायचं?”

“चीक थांबेपर्यंत.”

मग संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघं देठ भाजत बसलो. त्यांची बोटं चिकानं चिकट झाली, दोनदा चटका बसला, तरी उठले नाहीत. त्या हिरव्या फांद्या आम्ही गोठ्याभोवती लावल्या, पायऱ्यांवर घागरींत लावल्या. आळीतल्या घरीही दर वर्षीसारख्याच गेल्या आणि सगळ्यांनी त्या मुकाट्यानं लावल्या. लाल काही नव्हतं. तरी एवढं सजलेलं घर मी पुन्हा बघितलं नाही. नंतर जानेवारीच्या शेवटी, गोठा माळ्यावर गेल्यावर, झाडं एकदाची लाल झाली. तेव्हा त्यांना बघायला कुणी नव्हतं.

बाबा सव्वीस तारखेला सकाळी निघाले. नवरा स्कूटर बाहेर काढत होता. सासूबाईंनी करंज्यांचा डबा आणि केळ्यांची फणी पिशवीत घातली. बाबांनी पिशवी घेतली, फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. दोन दिवस ते त्यांना ‘बाई’ म्हणत होते. आता पायरीशी उभे राहून त्यांनी हात जोडले.

“विहीणबाई,” ते म्हणाले, “पुढच्या दिवाळीला दोघांना माझ्याकडे पाठवा. दसरा झाला की लगेच. तुमचा ओटा अंधारात राहू दे. कंदील मी वाईला लावतो.”