मॅडमच्या लॅपटॉपले मी कव्हर शिवलं

"थांबा भाऊ, हात ठेवून पाहू द्या."

मॅडम कोणतीबी वस्तू घ्यायले गेल्या की पहिले हे वाक्य. मंग उजवा तळहात त्या वस्तूवर सपाट ठेवत, डोळे अर्धे मिटत अन् तश्याच उभ्या राहत. कोबी असो, चादर असो, का लोखंडी पलंग. मायनं लेकराचा ताप पाहावा तसं. दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. मॅडम हलत नसत. अशी माणसं तुम्हीबी पाहिली असतील. त्यायच्या मागं लायनीत उभं राहावं लागलं म्हणजे आपला जीव जाते, पण त्यायनं घेतलेली वस्तू कधी फसत नाही.

गोंदियाजवळ कुडव्याले माझं सीट कव्हरचं दुकान आहे. गाड्यायच्या सीटा शिवतो. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. तिसरीत गुरुजींनी माझं नाव पुकारलं तेव्हा मी तलावात म्हशीच्या पाठीवर बसून होतो. म्हैस अन् मी सारखेच शिकलेले. म्हशीनं निदान दूध दिलं.

मॅडम माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत राहत. एका प्रायव्हेट शाळेत इंग्लिश शिकवत. लग्न केलं नव्हतं. घरात म्हातारी आई अन् त्या, बस. पहिल्यांदा दुकानात आल्या त्या आईच्या खुर्चीले गादी करून घ्यायले. मी फोमचे तीन तुकडे समोर टाकले. त्यायनं एकेकावर हात ठेवला.

मी म्हटलं, "मॅडम, गादीवर बसून पाहतात. हात ठेवून काय समजते?"

"आई दिवसभर यावर बसणार आहे, भाऊ. तिची हाडं माझ्या हातापेक्षा नाजूक आहेत."

मी गुपचाप आत गेलो अन् चांगला फोम काढून आणला. पहिले दाखवला तो हलका होता. आता लपवून काय करू.

म्हातारी त्या गादीवर चार वर्षं बसली. ती गेल्यावर मॅडमनं गादी धुतली, उन्हात वाळवली अन् विहारात देऊन टाकली. तिथं एका बाबाले गुडघ्यायमुळे खाली बसणं होत नव्हतं. नंतर काही महिन्यांनी एका दुपारी मॅडम दुकानात आल्या अन् स्टुलावर बसल्या.

"भाऊ, मी व्हिएतनामला जायचं म्हणते."

"हे कोणत्या तालुक्यात आलं?"

"परदेश आहे तो. तिथल्या मुलांना इंग्लिश शिकवायला माणसं घेतात."

"अन् खातात काय तिकडं?"

"भात."

"मंग गोंदियातच आहे म्हणा ना."

मॅडम हसल्या. मंग म्हणल्या, "बावीस वर्षं मी मुलांना पुस्तकातली विमानं दाखवली. स्वतः नागपूरच्या पुढे गेले नाही. आता घरी माझी वाट पाहणारंही कोणी नाही. पण अजून पक्कं नाही काही. लॅपटॉपवरून त्यांना एकदा शिकवून दाखवायचंय. पसंत पडलं तर बोलावतील. सत्तेचाळीस झाली मला. या वेळी नाही जमलं तर मग नाहीच जमायचं."

रडगाणं नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं सांगतलं.

लॅपटॉप त्यायच्यापाशी नव्हता. शाळेत एक होता, तो हेडमास्तरच्या कपाटात कुलपात राहे अन् पंधरा ऑगस्टले बाहेर निघे. म्हणून नवा घ्यायले आम्ही ऑटोनं गोंदियात गेलो. मले सोबत काऊन नेलं? कारण मी म्हटलं होतं, "मशीनीचं मले समजते." मले समजते शिलाई मशीनचं. पण बोलायले काय जाते.

दुकानात सगळा हिंदीचा कारभार. दुकानवाल्यानं विचारलं, "हाँ मैडम, क्या देखना है?" मॅडमनं तोंड उघडायच्या आत मीच पुढे सरकलो.

"भैया, एवरेज कितना देता है?"

दुकानातले सगळे लोक माझ्याकडे पाहायले लागले. दुकानवाला सभ्य होता. म्हणे, "चाचा, एक बार चार्ज किया तो सात-आठ घंटा." मी मॅडमकडे पाहिलं. म्हटलं, पाहा, प्रश्न बरोबर निघाला का नाही! मंग मी म्हटलं, "और सर्विसिंग कितने किलोमीटर पे?" तेव्हा मॅडमनं मले बाहेर चहा प्यायले पाठवलं.

चहा पिऊन परत आलो तर मॅडम काउंटरपाशी उभ्या. समोर तीन लॅपटॉप अन् तळहात तिसऱ्यावर. दुकानवाल्याचा सभ्यपणा सरत आला होता.

"मैडम, लैपटॉप है, कद्दू नहीं है."

"भैया, इसको लेकर परदेस जाना है. जान-पहचान तो होने दीजिए."

त्यायनं उभ्याउभ्या त्यावर एक आख्खा धडा टाइप केला. मंग लॅपटॉप दरवाज्यापाशी नेला अन् उन्हात अक्षरं दिसतात का पाहिलं. पहिल्या दोनायची बटणं कडक म्हणून वापस केले होते. हा तिसरा घेतला. ऑटोत खोका मांडीवर. मी म्हटलं, "द्या, मी धरतो." म्हणल्या, "राहू द्या." माझ्यावर तेव्हाच भरोसा नव्हता. अन् तो नव्हता हेच बरं होतं, ते पुढे समजलंच.

दुसऱ्या दिवसापासून तालीम. दुपारी माझ्याकडे गिऱ्हाईक नसे. मॅडम लॅपटॉप घेऊन दुकानात येत.

"भाऊ, मला विद्यार्थी पाहिजे."

"गल्लीतली पोरं बोलवा ना."

"त्यांना थोडंथोडं येतं. मला अजिबात न येणारा पाहिजे."

आख्ख्या कुडव्यातून माझी निवड झाली. जिंदगीत पहिल्यांदा कशात तरी पहिला आलो.

मॅडम बटण दाबत, चित्र येई, मी बोलायचं. 'आय स्टिच.' म्हणजे मी शिवतो. एवढंच, पण जिभेवर बसेना. मी दहादा चुकलो तरी मॅडमचा आवाज चढत नसे. म्हणत, "पुन्हा एकदा. घाई नाही." अन् अकराव्यांदा चुकलो तर, "छान. आता जरा वेगळ्या प्रकारे चुकून दाखवा." गुरुजी असे असते तर ती म्हैस एकटीच पोहली असती.

एकदा मी मशीन चालवताचालवता एकटाच 'स्टिच, स्टिच' करून राहिलो होतो. डबा घेऊन बायको आली. म्हणे, "अवो, तोंड काऊन वाकडं करून राहिले? लकवा मारला का?"

"इंग्लिश बोलून राहिलो."

"मंग डॉक्टरकडे नाही ना जायचं? मी चालली."

आता माझ्या करणीचं सांगतो. शिकवून दाखवायच्या आदल्या दिवशी सकाळी मॅडमले कागदाच्या कामाले जायचं होतं. लॅपटॉप माझ्यापाशी ठेवला. "याच्या मापाची एक साधी पिशवी शिवून ठेवा, भाऊ."

साधी पिशवी! मॅडम परदेशी चालल्या अन् मी साधी पिशवी देऊ? मी लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला. माझ्या डोळ्याले ती लहानशी सीटच दिसली. अन् सीटले पिशवी नसते, सीटले कव्हर असते. मी मरून रंगाचं रेक्झिन काढलं, चांगल्यातलं. खाली पातळ फोम, कडेनं पांढऱ्या गोटाची पायपिन, डबल शिलाई. चिमट्यानंबी सुटणार नाही असं घट्ट बसवलं. वर झाकण उघडते, बटणं मोकळी, सगळं बरोबर. खालच्या अंगाले बारीक बारीक छिद्रं होती. मी मनात म्हटलं, कंपनीवाल्यानं काय काम केलं, पाणी जाईल ना इथून! आमच्या धंद्यात सीटले छिद्र राहिलं की पहिल्या पाण्यात फोम सडते. म्हणून मी फोम तिथंच दाबून बसवला, वरून चिकटवायचं सोल्युशन लावलं. एक छिद्र सोडलं नाही. असा कारागीर आहे मी.

मॅडम संध्याकाळी आल्या. पाहतच राहिल्या. "भाऊ, हे तर फार सुंदर केलंत." माझी छाती फुगली. त्या रेक्झिनवर त्यायनं पायपिनीच्या कडेनं बोट फिरवलं. इतकं चांगलं वाटलं मले, की बायकोलेबी सांगतलं. बायको म्हणे, "तुमाले पिशवी सांगतली होती ना?" तिले कलेतलं काही समजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराले मॅडमच्या घरी, समोरच्या खोलीत कार्यक्रम. मले बाहेर पायरीवर बसवलं होतं, गल्लीत गलका होऊ द्यायचा नाही म्हणून. मी दोन बकऱ्या हाकलल्या अन् एका भंगारवाल्याचा भोंगा बंद करायले लावला. आतून मॅडमचा आवाज येत होता. मोकळा, हसरा. लॅपटॉपमधून तिकडची एक बाई अन् एक माणूस काही विचारत होते. मले समजलं काही नाही, पण चांगलं चाललं होतं एवढं समजलं.

मंग एकदम आवाज बंद.

मॅडम दारात आल्या. "भाऊ, खाली काय लावलंय?"

"फोम."

"छिद्रं होती तिथे."

"बुजवली ना! पाणी जाऊ नये म्हणून."

मॅडमनं डोळे मिटले. मी आत जाऊन लॅपटॉपले हात लावला तर पोळी भाजावी असा तवा. बिचाऱ्याचा दम कोंडून तो बंद पडला होता. त्या छिद्रातून तो श्वास घेते, हे मले तेव्हा कळलं. मॅडमनं सांगतलं नाही, त्या तव्यानं सांगतलं.

"ब्लेड आणा."

मी माझी डबल शिलाई माझ्या हातानं फाडली. फोम निघाला, पण लॅपटॉप काही लगेच सुरू होईना. त्याले थंड होऊ देणं भाग होतं, अन् तिकडं ती दोघं खोळंबून होती. मी म्हटलं, "मॅडम, मले मारा पाहिजे तर." त्या म्हणल्या, "नंतर. आता खुर्चीवर बसा."

त्यायनं आपला मोबाइल डब्याले टेकवून ठेवला अन् तिकडं पुन्हा जोडून घेतलं. चित्रं नाही, बटणं नाही. समोर मी, डोक्यात फोमचा भुसा. मॅडमनं त्या दोघायले इंग्लिशमधून काहीतरी सांगतलं अन् माझ्याकडे वळल्या. फाटका फोम माझ्या हातात दिला, लॅपटॉप उलटा केला, एका छिद्रावर बोट ठेवलं.

"आय क्लोज्ड द होल्स. म्हणजे मी छिद्रं बुजवली. म्हणा."

मी 'आय स्टिच' म्हणून बसलो. तिकडची बाई बारीकशा पडद्यातून माझ्याकडे पाहून राहिली होती.

"पुन्हा एकदा. घाई नाही."

घाई नाही! जिचं सगळं त्या मिनिटावर टांगलं होतं, ती बाई मले म्हणे घाई नाही. मी चुकलो. त्यायनं बोटानं छिद्र बुजवून दाखवलं. मी पुन्हा चुकलो. त्यायनं माझ्याच हातानं बुजवायले लावलं. किती वेळ गेला मले ठाऊक नाही. शेवटी मी मोबाइलकडे पाहून म्हटलं, "आय क्लोज्ड द होल्स. इट गॉट हॉट." माझ्या जिंदगीतलं पहिलं सरळ इंग्लिश, अन् तेबी गुन्हा कबूल करायचं.

तिकडचा माणूस हसला. बाई हसली नाही. तिनं मले काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "यस." काय विचारलं होतं ते मॅडमनं आजपर्यंत सांगतलं नाही.

नंतर आठ दिवस मी मॅडमच्या गल्लीतून गेलो नाही. जेवण जाईना. बायकोनं टोमणे मारणं बंद केलं, तेव्हा मले जास्तच भेव वाटलं. नवव्या दिवशी मॅडम दुकानात आल्या. मी मशीनीखाली सुई शोधायले लागलो. सुई मशीनीतच होती.

"वर या, भाऊ. घेतलं मला."

मी वर आलो. डोळ्यात पाणी आलं. "माझ्यामुळे ना मॅडम?"

"तुमच्यामुळे नाही. आणि तुमच्यामुळे अडलंही नाही. आता साधी पिशवी शिवा."

साधी पिशवी शिवली. पायपिन लावली नाही.

जायच्या दिवशी विहारातल्या बाया अन् मी सामान घेऊन ऑटोनं स्टेशनावर आलो. मॅडम आपल्या स्कूटीवर आल्या, खांद्यावर ती पिशवी. म्हणल्या, गाडी शेवटची एकदा मीच चालवते. नागपूरच्या गाडीले वेळ होता. बायायनं हार घातला, फोटो काढले. मंग मॅडम मले जरा बाजूले घेऊन गेल्या. बावीस वर्षं पुस्तकासारखं बोलणारी बाई, हळूच म्हणे, "भाऊ, लय भेव लागून राहिलं मले."

आमच्यासारखं बोलल्या त्या. पहिल्यांदाच. मी त्यायच्या पिशवीच्या पट्ट्याची शिलाई ओढून पाहिली, पक्की होती. गाडी लागली. चढताचढता त्यायनं स्कूटीची चाबी माझ्या हातात ठेवली. "घरी नेऊन लावाल ना? मधूनमधून सुरू करत जा."

"हो," मी म्हटलं.

आता तुमाले सांगतो, मले गाडी चालवता येत नाही. आयुष्यभर सीटा शिवल्या, पण एकाबी गाडीवर पुढं बसलो नाही. पण त्या टायमाले नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

गाडी गेली. बाया ऑटोत बसल्या. मी स्कूटी लोटत लोटत कुडव्याले निघालो. पहिल्या चौकात एकानं विचारलं, "क्या हुआ, पेट्रोल खतम?" मी म्हटलं, "हाँ." पुढं एकजण म्हणे, "पंक्चर का, काका?" मी म्हटलं, "हो." घरापाशी पोचलो तेव्हा शर्ट पिळून निघत होता. मॅडमच्या दाराले कुलूप होतं. स्कूटी तिथंच स्टँडवर लावली.

आता रोज सकाळी दुकान उघडायच्या पहिले मी तिथं जातो, स्टँडवरच गाडी सुरू करतो अन् जरा वेळ वर बसून राहतो. समोरची म्हातारी अंगण झाडताझाडता विचारते, "कुठं चालला, बापू?"

"कुठंच नाही, माय," मी म्हणतो.