बारा सेकंदांची फेरी

बागेतल्या तळ्यावर जीवरक्षकांची गाडी चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला माळीसुद्धा. खांद्याने दगा देईपर्यंत वीस वर्षं त्यांनी लोकांना पाण्यातून ओढून काढलं होतं. पोहणं थांबलं तेव्हा साहेबांनी त्यांच्या हातात गाडीची किल्ली दिली. गाडी उघडी, दोन माणसांची, मागे स्ट्रेचर आणि ऑक्सिजनची टाकी बांधलेली. वेग माणसाच्या चालण्याइतका, अगदीच घाई असली तर सायकलीइतका. बायकोला गाडी मिळाली खरी, पण पायी निघालेले तिच्या आधी पोचतात, असं त्यांचे यजमान येईल त्या पाहुण्याला ऐकवत.

तळ्याकाठच्या वाळूवर एकही झाड नाही. उन्हात गाडी उभी केली की दहा मिनिटांत तिच्या सावलीत कुणीतरी टॉवेल अंथरतं. काही महाभाग तर चाकाला डोकं टेकून घोरतात. पहिल्याच उन्हाळ्यात मावशींनी गाडी सुरू केली आणि मागचं चाक एका गृहस्थांच्या पावलावरून गेलं. तीन हाडं मोडली. गृहस्थ भले होते, 'माझंच चुकलं' म्हणाले, आणि तेच मावशींना फार लागलं.

तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. गाडी उभी केली की पुढे एक आणि मागे एक नारिंगी शंकू ठेवायचा. निघताना दोन्ही स्वतः उचलायचे, म्हणजे गाडीभोवती आपसूक फेरी होते. जाता जाता वाकून खालीही बघायचं. धावत केलं तरी बारा सेकंद लागतात. "मावशी, गाडी तीच आहे, कुणी बदललेली नाही," असं म्हणून पोरं चिडवायची. मावशी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत.

एका रविवारी भर दुपारी वॉकीटॉकीवर निरोप आला. पोहायला बंदी असलेल्या पलीकडच्या टोकाला एक तरुण बुडत होता. मावशींच्या जोडीचा जीवरक्षक पाण्यात मासा आणि डोक्याने तापट. मावशी खुर्चीतून उठून येईपर्यंत त्याने, त्यांचा वेळ वाचावा म्हणून, दोन्ही शंकू उचलून मागे टाकले होते.

"चला, शंकू घेतलेत."

मावशी बसल्या, किल्लीला हात घातला आणि थांबल्या.

"खाली बघितलंस?"

"नाही. मावशी, माणूस बुडतोय तिकडे."

मावशी उतरल्या. दुखऱ्या खांद्यासकट धावत फेरी मारली, चारही चाकांपाशी वाकल्या. कुणी नव्हतं.

जोडीदाराने त्या तरुणाला बाहेर काढलं. तोंडाने श्वास दिला, छाती दाबली, हृदय पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या दिवशी इस्पितळात तो वारला. थोडा आधी बाहेर आला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. नोंदवहीत मावशींनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: गाडी निघण्यास बारा सेकंद. जोडीदार त्यांच्यावर चिडलेला होता, तरी त्यालाही ते पटलं नाही.

"हे लिहायची काही गरज होती का?"

"झालं ते लिहायचं," मावशी म्हणाल्या.

त्यांना अपराधी वाटत होतं, आणि आपलं चुकलं असं काही केल्या वाटत नव्हतं. दोन्ही घेऊन त्या रोज कामावर येत होत्या.

पंधरा दिवसांनी त्या तरुणाचे वडील साहेबांच्या खोलीत नोंदवही वाचून बाहेर पडले आणि सरळ गाडीपाशी आले. जोडीदार हळूच बाजूला सरकला.

"बारा सेकंद कशाला लागले?"

"गाडीखाली कुणी झोपलंय का, ते बघत होते."

"होतं कुणी?"

"नाही."

त्यांनी चाकांकडे बघितलं.

"उद्या पुन्हा असंच झालं तर?"

"तरी बघेन."

आता हे आरडाओरडा करणार, असं मावशींना वाटलं. केला असता तर बरंही वाटलं असतं. पण त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

"फाटकापाशी त्याची आई बसलीय," ते म्हणाले. "तिला मी सांगितलंय की गाडी लगेच निघाली होती. तिने विचारलं तर तेवढं सांगाल?"

मावशी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेल्या. बाकावर बसलेल्या बाईंनी सरकून त्यांना जागा दिली. कशा आहात, घर कुठे, कामाला किती वर्षं झाली, सगळं विचारून झालं. मग त्यांनी मावशींचा हात धरला.

"कळल्या कळल्या निघालात ना तुम्ही?"

"हो," मावशी म्हणाल्या. "लगेच."