रिहेमने फिरवलेला प्रश्न

रिहेम केफ या डोंगराळ गावाकडच्या आमच्या लहानशा इस्पितळात आली, तेव्हा मी मनात म्हटलं, आली आणखी एक राजधानीची शहाणी. नवी डॉक्टर, संशोधन करणारी. लहानपणी ज्यांनी फार सोसलं, त्यांची अंगदुखी नेहमीच्या औषधांना का दाद देत नाही, हा तिचा विषय. मी इथली जुनी नर्स. असल्या विषयांनी माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

तिचं काम मात्र अडलं. लहानपण कसं गेलं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "अल्लाची कृपा, काही कमी नव्हतं."

शादलिया मावशीचंही तेच. पाठ धरून यायची. सुया झाल्या, गोळ्या झाल्या, तपासण्यांत काही निघेना. आमचे मोठे डॉक्टर वैतागले. "काही नाहीये हिला. नाटकं नुसती. महिनाअखेर हिचं येणं बंद करा." मावशीला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

रिहेमने तिला विचारलं, "मावशी, तुमचे वडील, अल्ला त्यांच्यावर दया करो, मारायचे का हो?"

"आमीन," मावशी म्हणाली. "देवमाणूस होते."

रिहेम बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. "लतीफाताई, मीच मूर्ख. गेलेल्या माणसासाठी आधी दुआ मागते आणि मग त्याचीच चहाडी करायला सांगते. कोण करेल?"

"आईने वळण लावलंय ना चांगलं, भोग आता," मी म्हणाले. ही चूक आमच्याच पोरीच्या हातून व्हायची. परदेशी डॉक्टरला दुआ सुचलीच नसती.

पुढच्या खेपेला तिने प्रश्न फिरवला. "मावशी, असं काही आहे का, जे तुम्ही तुमच्या मुलांच्या वाट्याला येऊ दिलं नाहीत?"

मावशी ओढणीचं टोक पिळू लागली. "माझी पोरं कधी दाराबाहेर झोपली नाहीत," ती म्हणाली. "काहीही सांडू दे, फुटू दे. बर्फात तर नाहीच नाही."

रिहेमने कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "तुमची पाठ खरंच दुखते, मावशी. भीतीने तेव्हा आखडलेलं अंग अजून सैल व्हायला घाबरतंय. वेळ लागेल, पण आपण त्याला शिकवू."

मग ती मोठ्या डॉक्टरांशी जाऊन भांडली. आमच्याकडे असं कुणी भांडत नाही. पण मावशीचं येणं चालू राहिलं. गोळ्या हळूहळू कमी केल्या, सोबत सावकाश व्यायाम आणि भरपूर बोलणं. त्या पोरीचे उपकार कसे फेडायचे, मला अजून कळत नाही.

परवा मावशी ऑलिव्हच्या तोडणीवरून थेट आली, फळांनी काळे झालेले हात घेऊन. दुपारभर झाडाखाली उभी होती म्हणे.

"मग गेलं का सगळं दुखणं?" मी विचारलं.

"छे, आहे की. पण सगळे 'काही नाहीये' म्हणायचे ना, तेव्हा फार दुखायचं. ही पोरगी 'आहे' म्हणाली, तेव्हापासून उतरतंय."